सकाळी गोड, संध्याकाळी फाटका

पत्र : आमचं घर गुहागर तालुक्यात, खाडीपासून जवळच. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, माजघर २० फूट बाय १४ फूट. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मेकॅनिककडून ॲम्प्लिफायर बांधून घेतला. आत १२-०-१२ चा ५ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि दोन टीडीए २०३० आयसी आहेत. स्पीकर ८ ओहमचे, मागच्या लेबलवर ८४ डीबी लिहिलंय. अभंग, नाट्यगीतं, नमन-जाखडी या कोकणातल्या लोककलांची रेकॉर्डिंगं ऐकतो. सकाळी आवाज छान असतो. संध्याकाळी सातनंतर तेच गाणं, बटण तिथेच ठेवून लावलं तरी पखवाजाच्या थापेला आणि तानेच्या टोकाला फाटतं. पावसाळ्यात डाव्या बाजूने खरखर येते, बटण फिरवलं की ती कमी-जास्त होते. गणपतीत हाच सेट खळ्यात नेतो, तिथे तर ऐकवत नाही. पुतण्या म्हणतो, ‘काका, ५००० वॅटचं होम थिएटर घ्या.’ एक मित्र व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, ॲम्प्लिफायर घ्या म्हणतो. हाताशी २५ हजार आहेत. काय घ्यावं?
– एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : नमस्कार. अर्धं निदान तुम्हीच करून पाठवलं आहे. आयसी (आवाज मोठा करणारी चिप) तोच, स्पीकर तेच, गाणं तेच आणि बटणही तिथेच. मग सकाळ-संध्याकाळ बदलतं ते फक्त भिंतीतल्या प्लगमधलं व्होल्टेज. दिवेलागण झाली की घरोघरी टीव्ही, पंखे, फ्रिज, पंप एकदम चालतात, आणि गावच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनच्या टोकाला असलेल्या घरात २३० च्या जागी १८०-१९० व्होल्ट येतात. तेव्हा दुकानात जाण्याआधी एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. तो २५ हजारांतला सगळ्यात उपयोगी खर्च ठरेल.

कमी व्होल्टेजने आवाज नुसता लहान न होता का फाटतो, ते आकड्यांत पाहा. ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टच्या वाइंडिंगमधून (तारेच्या वेटोळ्यातून) येणाऱ्या लाटेचं शिखर १२ गुणिले १.४१, म्हणजे १७ व्होल्ट. एसीचं डीसी करणाऱ्या डायोडमध्ये पाऊण-एक व्होल्ट जातो, भार आल्यावर ट्रान्सफॉर्मर आणखी दीड व्होल्ट खाली बसतो. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर उरले साडेचौदा. त्यातले दोनेक व्होल्ट आयसी स्वतःकडे ठेवतो. स्पीकरला मिळणारं जास्तीत जास्त शिखर साडेबारा व्होल्टचं. साडेबाराचा वर्ग करून १६ ने, म्हणजे ८ ओहमच्या दुपटीने, भागलं की जवळपास १० वॅट येतात. आता प्लगमध्ये १८० धरा. १२ चे ९.४ झाले, शिखर १३.३ झालं, वजावटी जाऊन स्पीकरपाशी पोचले सव्वानऊ. वॅट उरले सव्वापाच-साडेपाच. व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरलं, पण ताकद जवळजवळ निम्म्यावर आली, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात आणि वजावटी मात्र फारशा कमी होत नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ॲम्प्लिफायर गाणं किती पट मोठं करतो, ते व्होल्टेज उतरल्याने बदलत नाही. बटण तिथेच असेल तर हळू ओळी संध्याकाळीही सकाळइतक्याच मोठ्या आणि स्वच्छ येतात. बदलतं ते छत. पखवाजाची थाप १२ व्होल्टपर्यंत चढू पाहते आणि सव्वानवालाच तिचं डोकं टेकतं. लाटेचा माथा गोल राहायच्या ऐवजी सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. म्हणून तुम्हाला फाटणं थापेवर आणि तानेच्या टोकालाच ऐकू येतं, मधल्या आलापात येत नाही. १० वॅट आणि साडेपाच वॅट यांतला फरक अडीच डीबीचाच (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाचं माप) आहे. कानाला तो एरवी मोठा वाटला नसता, पण तुम्ही सकाळीही अगदी काठावरच ऐकत होता.

हे पडताळून बघा. मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टच्या खुणेवर ठेवून सकाळी ७ ला आणि संध्याकाळी साडेसातला, सेट चालू असताना, शेजारच्या प्लगमधलं व्होल्टेज मोजा. काड्यांच्या धातूच्या टोकांना बोट लागू देऊ नका. मग मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घेऊन १०० हर्ट्झचा सूर लावा, मीटर एसी २० व्होल्टवर आणून एका स्पीकरच्या दोन टोकांना लावा आणि आवाज सावकाश वाढवा. एका जागी गोल घुमणारा सूर एकदम भुंग्यासारखा कर्कश होईल. तिथला आकडा टिपा आणि लगेच आवाज उतरवा. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त वाजवू नका, स्पीकरची कॉइल तापते. आकड्याचा वर्ग करून ८ ने भागा, तितके तुमचे खरे वॅट. सकाळी ९ व्होल्ट आणि संध्याकाळी साडेसहा मिळाले तर निदान पक्कं.

प्लगमध्ये दोन्ही वेळा २२५-२३० असेल आणि तरी फाटत असेल, तर मेन कपॅसिटरवर संशय घ्या. १०० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये ४७०० मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटरसुद्धा दर ॲम्पिअर भाराला सुमारे २ व्होल्टचा खळगा पडू देतो. बारा वर्षं उष्णतेत सुकून तो निम्मा उरला असेल तर खळगा ४ व्होल्टचा होतो, आणि लाट त्या खळग्याच्या तळाशी कापली जाते. सोबत स्पीकरमधून ‘घर्रर’ अशी गुणगुण येत असेल तर हाच रोग. १०५ अंश लिहिलेले, १०,००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कपॅसिटर आणि १० ॲम्पिअरचा ब्रिज (चार डायोडांचा संच) एवढं बदललं तरी जुना सेट तरतरीत होतो. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. तो १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर टाकू म्हणाला तर नको म्हणा. टीडीए २०३० ची मर्यादा दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट आहे, शेवटी ‘ए’ अक्षर असलेल्या प्रकाराची २२. मध्यरात्री भार उतरून प्लगमध्ये २५० आले तर साधा २०३० आजच त्या मर्यादेला टेकत असेल. १५-०-१५ वर भार नसताना २२ च्या आसपास किंवा वरच जातं.

डाव्या बाजूची खरखर हा वेगळा आजार आहे, त्याला वरच्या हिशेबात ओढू नका. खरखर ॲम्प्लिफायरची की स्पीकरची, हे प्लग काढून, डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी ॲम्प्लिफायरच्या मागे अदलाबदल करून कळतं. खरखर उजव्या स्पीकरमध्ये गेली तर दोष ॲम्प्लिफायरकडे, डाव्यातच राहिली तर स्पीकरकडे. तुमच्या बाबतीत ती बटणासोबत हलते, म्हणजे बहुधा व्हॉल्यूमच्या दुहेरी पॉटचा (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरचा) डावा पट्टा दमट खाऱ्या हवेने खराब झालाय. इलेक्ट्रॉनिक कामाचा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत अर्धा सेकंद मारा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि पूर्ण सुकल्यावरच प्लग लावा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग धूळ धरून पट्टा कायमचा जातो. आठवड्यात खरखर परतली तर पॉटच बदला, आणि ‘ए ५० के’ मागून घ्या. ‘बी ५० के’ लिनिअर असतो, त्यात आवाज पहिल्या पाव फेरीतच अंगावर येतो. दुकानात बरेचदा तोच हातात देतात.

दोष स्पीकरकडे निघाला तर जाळी काढून शंकू दोन्ही अंगठ्यांनी समान दाब देत हळूच मागे ढकला. घासल्याचा आवाज आला तर कॉइल चुंबकाच्या फटीत अडते आहे. किनाऱ्यावर यामागे बहुतेकदा फटीतल्या लोखंडावर चढलेला गंज असतो. कडेची फोमची किनार बोट लावताच भुगा होत असेल तर दमट हवेने तिचं आयुष्य संपलं. पुढचे स्पीकर घेताना किनार रबराची हवी, हे आत्ताच लिहून ठेवा.

आणखी एक शक्यता आहे, ती तुम्ही लिहिलेली नाही, पण नमन-जाखडीचा उल्लेख वाचून ती सांगावीशी वाटते. अशी पुष्कळ रेकॉर्डिंगं कार्यक्रमात मोबाइल लाऊडस्पीकरसमोर धरून झालेली असतात. मृदंग आणि घुंगरांचा जोर माइकला सोसलेला नसतो आणि लाट रेकॉर्डिंगमध्येच कापली गेलेली असते. तेच गाणं बऱ्या हेडफोनवर, आवाज अगदी लहान ठेवून ऐका. तिथेही फाटत असेल तर जगातला कुठलाही ॲम्प्लिफायर ते जोडू शकणार नाही. मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये बास वर चढवलेला असेल तर तोही सरळ करा. १० डीबी बास वाढवणं म्हणजे त्या पट्ट्यात ॲम्प्लिफायरकडून दहापट वॅट मागणं.

आता ‘फाटणं’ म्हणजे नेमकं काय, हे जरा सविस्तर सांगतो, कारण गाणं ऐकणाऱ्याला ते कागदावरच्या टक्क्यांपेक्षा स्वरांतून लवकर कळतं. सा २४० हर्ट्झ धरा. विकृती म्हणजे ॲम्प्लिफायरने या स्वरात स्वतःचे स्वर मिसळणं. दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा स्वर, ४८० चा, म्हणजे तार सप्तकातला सा. तिसरा ७२० चा, त्याच्यावरचा पंचम. पाचवा १२०० चा, अति तार सप्तकातला शुद्ध गंधार. हे स्वर तंबोऱ्यातही असतात, म्हणून थोडा दुसरा हार्मोनिक कानाला खुपत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. सिंगल-एंडेड (लाटेच्या दोन्ही बाजू एकाच व्हॉल्व्हने चालवणाऱ्या) व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा जो ‘गोडवा’ सांगतात तो मुख्यतः हाच. क्लिपिंगची तऱ्हा निराळी आहे. लाट दोन्ही बाजूंनी सारखी कापली गेली की तिसरा, पाचवा, सातवा, नववा असे विषम हार्मोनिक रांगेने उठतात. सातवा कोमल निषादाच्या जवळपास येतो पण त्यावर बसत नाही, आणि त्याच्या पुढे तर नुसता कर्कशपणा.

खरा घात होतो दोन स्वर एकत्र आले की. पेटीवर सा आणि रे दाबलेत, २४० आणि २७०. विकृती या दोघांच्या बेरजा-वजाबाक्या करते : ५१०, ३०, आणि ‘दुप्पट उणे दुसरा’ या हिशेबाने २१० व ३००. ३०० हा निदान शुद्ध गंधार आहे. २१० मंद्र कोमल निषादाच्या जरा खाली पडतो, बेसूर. गायकाने तो गायला नाही, पेटीत तो नाही, तरी तुमच्या माजघरात वाजतो. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. एकटा गायक आणि तंबोरा असेल तर बरा चालणारा सेट भजनात पेटी, झांज, पखवाज, कोरस एकदम आले की सगळ्याचा कालवा करतो, त्याचं कारण हे. म्हणून दुकानात सेट तपासताना एकट्या बासरीचं गाणं लावू नका. टिपेला गेलेलं भजन लावा, आणि झांज व टाळ वेगवेगळे मोजता येतात का ते ऐका.

विकृती कमी ठेवण्याची मुख्य युक्ती निगेटिव्ह फीडबॅक. बेल लॅब्जमधल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना ती २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत, कामावर जाताना सुचली, आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्यांनी ती मांडली. दाभोळ-धोपावे फेरीत वर्तमानपत्र वाचत उभं राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट आवडावी. बाहेर पडलेल्या आवाजाचा छोटा भाग परत आत आणून मूळ आवाजाशी ताडायचा आणि जेवढा फरक तेवढी दुरुस्ती करायची, अशी ही युक्ती. तिच्यामुळे आजच्या साध्या आयसीचीही विकृती मर्यादेच्या आत ०.१ टक्क्याच्या खाली राहू शकते. पण व्होल्टेजच संपलं की दुरुस्ती कशातून करणार? फीडबॅक आणखी जोर लावतो आणि लाटेचा माथा अधिकच चाकूने कापल्यासारखा सपाट होतो. म्हणून ‘०.०१ टक्का’ असं छापलेला ॲम्प्लिफायरही मर्यादा ओलांडताच तुमच्या २०३० सारखाच फाटतो. तो आकडा बघून ॲम्प्लिफायर निवडू नका, मर्यादा किती वर आहे ते बघा.

हळू आवाजातही घसा बसल्यासारखा आवाज येत असेल आणि मोठा केल्यावर उलट कमी जाणवत असेल, तर तो क्रॉसओव्हर दोष. ट्रान्झिस्टरच्या जोडीला बायस करंट (गाणं नसतानाही वाहता ठेवलेला थोडासा करंट) कमी पडतो तेव्हा असं होतं. सुट्या ट्रान्झिस्टरांच्या बोर्डावर मेकॅनिकने बायस नीट लावून दिला की तो जातो. तुमच्या आयसीत बायस आतच ठरलेला असतो, तिथे हे काम नाही.

५००० वॅटचा मुद्दा एका मिनिटात मिटतो. पुतण्याला त्या सेटच्या मागची पट्टी वाचायला सांगा. तिथे विजेचा खप छापलेला असतो, समजा ८० वॅट. प्लगमधून ८० घेणारं यंत्र स्पीकरला सलग ८० सुद्धा देऊ शकत नाही, कारण काही भाग उष्णतेत जातोच. खोक्यावरचे हजार हे पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या तथाकथित कमाल ताकदीचे, त्यांना कसलंही ठरलेलं मोजमाप नाही. अमेरिकेत अशा फुगवट्याला आळा घालायला १९७४ मध्ये सरकारी नियमच करावा लागला. तुम्ही असं वाक्य शोधा : ‘४० वॅट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.१ टक्का टीएचडी, दोन्ही चॅनल चालू’. टीएचडी म्हणजे एकूण हार्मोनिक विकृती. ‘१ किलोहर्ट्झ, १० टक्के’ असं लिहिलेलं असेल तर आवाज स्पष्ट फाटल्यावर ते माप घेतलं आहे, त्यातून पाचवा हिस्सा सरळ वजा करा. ओहम न लिहिलेले वॅट मोजायचेच नाहीत.

एक फसगत हल्ली फार होते. ‘५० + ५० वॅट’चा टीपीए ३११६ आयसी असलेला छोटा क्लास-डी (वीज झपाट्याने चालू-बंद करून चालणारा, कमी तापणारा) ॲम्प्लिफायर घेतात आणि घरात पडलेला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लावतात. तो ५० चा आकडा २१ व्होल्ट, ४ ओहम आणि १० टक्के विकृतीवरचा आहे. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला त्यातून साडेसात वॅटच निघतात, म्हणजे तुमच्या जुन्या सेटपेक्षाही कमी. तोच बोर्ड २४ व्होल्ट ५ ॲम्पिअरच्या चांगल्या एसएमपीएसवर (स्थिर डीसी व्होल्टेज देणाऱ्या पॉवर सप्लायवर) ८ ओहमला ३० च्या आसपास देतो. एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्टेज २६ च्या वर नेऊ नका. आणि या आयसीच्या आउटपुटचं कुठलंच टोक ग्राउंड नसतं. डाव्या-उजव्या स्पीकरची काळी टोकं एकत्र बांधली किंवा खोक्याला टेकली तर बोर्ड जातो.

तुमच्या घरासाठी आमचा कौल क्लास-डीलाच आहे, आणि कारण ध्वनीपेक्षा विजेचं आहे. ज्या एसएमपीएसवर ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं तो प्लगमध्ये १७० असो की २४०, पलीकडे २४ व्होल्टच देतो. संध्याकाळचं फाटणं मुळातूनच जातं, स्टॅबिलायझर लागत नाही. काही एसएमपीएसना बाजूला ११०/२३० चा सरकता खटका असतो. तो २३० वर आहे याची खात्री करा, ११० वर ठेवून प्लग लावला तर क्षणात उडतो. ट्रान्सफॉर्मरवाला चांगला इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर मिळत असेल तर तोही उत्तमच, पण ८ ओहमला ५०-६० वॅटचा घ्या, म्हणजे संध्याकाळी निम्मे झाले तरी पुरतील.

व्हॉल्व्हबद्दल मित्राचं चुकलं असं नाही, पण ही जागा त्याची नव्हे. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट स्थिर लागतात. १८० ते २५० च्या हेलकाव्यांत ते मिळत नाहीत आणि व्हॉल्व्ह लवकर उतरतात. आत तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि खारी दमट हवा त्यांना वाट करून देते. शिवाय स्वस्तातला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर थोड्या वॅटचा असतो, त्याला ८४ डीबीचे स्पीकर झेपणार नाहीत.

त्या ८४ डीबीवरच खरं लक्ष द्यायला हवं. १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती आवाज येतो त्याचा हा आकडा. ३ डीबी जास्त म्हणजे दुप्पट वॅट दिल्यासारखं. ८९ डीबीचा स्पीकर तुमच्या आजच्या स्पीकरपेक्षा त्याच वॅटमध्ये तिपटीहून जास्त ताकदीचा आवाज देतो, आणि त्यासाठी वीज, उष्णता, ट्रान्सफॉर्मर काहीच वाढवावं लागत नाही. माजघरात दोन स्पीकर आणि ४ मीटरवर तुम्ही, असं धरलं तर आज १० वॅटवर जास्तीत जास्त ८९ डीबीच्या आसपास जाता. अभंग सरासरी ७४-७५ वर ऐकलात तरी पखवाजाची थाप १५ डीबी वर उसळते. म्हणजे सकाळीच हिशेब शून्यावर आलेला. ८९ डीबीचे स्पीकर आणि ३० वॅट घेतले की जवळजवळ १० डीबी हाताशी राहतात. कौलांवर पाऊस कोसळायला लागला की आवाज चढवावाच लागतो, ही शिल्लक तेव्हा कामी येते. म्हणून २५ हजारांतले १५ हजार स्पीकरला ठेवा : रबरी किनार, ८७ ते ९० डीबी, ८ किंवा ६ ओहम. आठ-नऊ हजारांत ॲम्प्लिफायर आणि एसएमपीएस, उरलेल्यात वायर व मल्टिमीटर. आणि आजच्या आज, एक पैसा न खर्चता, बसायची जागा स्पीकरपासून ६-७ फुटांवर आणा. एवढ्यानेच ३-४ डीबी मिळतात, म्हणजे जुना सेट दुप्पट झाल्यासारखा. संध्याकाळचं फाटणं त्यातच बरंचसं विरेल.

खळ्यासाठी मात्र घरचा सेट नेऊ नका, नवा घेतलात तरी. उघड्यावर भिंती-छताची मदत नसते आणि अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात. ८ मीटरवर बसलेल्यांना ८० डीबीचं भजन आणि वर १२ डीबीच्या थापा ऐकवायच्या तर ८४ डीबीच्या जोडीला प्रत्येकी २०० वॅट लागतील, तेवढ्यात तिच्या कॉइल जळून जातील. ९६ डीबीचे १२ इंची पीए स्पीकर तेच काम प्रत्येकी १२-१३ वॅटमध्ये करतात. वर्षातले पाच-सात दिवस ते भाड्याने आणणं शहाणपणाचं. घरच्याच ॲम्प्लिफायरला माजघराच्या स्पीकरसोबत खळ्याचे जोडू नका. ८ आणि ८ समांतर जोडले की ४ ओहम होतात, करंट दुप्पट होतो आणि आयसी तापून बंद पडू शकतो. खळ्यापर्यंत २५ मीटर वायर न्यायची तर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या. माजघरात ५ मीटरला १.५ पुरते.

छोटा ॲम्प्लिफायर फाटेपर्यंत वाजवला तर ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) आधी जातो, हे खळ्यात विशेष सांभाळा. पूर्ण सपाट कापलेली लाट त्याच शिखराच्या गोल लाटेच्या दुप्पट ताकद देते, आणि त्या जास्तीच्या ताकदीत वरचे हार्मोनिक भरलेले असतात. त्यातले उंच हार्मोनिक ट्वीटरकडे वळतात.

बसवताना किनाऱ्याची हवा विसरू नका. उघडं तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. मिरगाच्या आधी दरवर्षी स्पीकर वायरचं टोक सेंटीमीटरभर कापून पुन्हा सोला, किंवा टोकांना कथलाचा टाका मारून ठेवा. ॲम्प्लिफायर भिंतीपासून चार बोटं पुढे असू द्या, भोकांना आतून बारीक जाळी लावा. पाल किंवा मुंग्या आत गेल्या की मेनच्या ट्रॅकवर शॉर्ट होतो. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी सेट चालू ठेवा, त्याच्या स्वतःच्या उबेने आतला दमटपणा निघतो. कपाटात प्लास्टिक गुंडाळून ठेवलेला सेट जास्त लवकर सडतो.

अर्थिंग मोजून घ्या : फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल हे आकडे जवळपास सारखे हवेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग सुटतं. त्यावर उपाय : अडीच मीटरचा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि चैत्र-वैशाखात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी. टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरला जोडल्यावर गुणगुण येत असेल तर ती बहुधा डिशच्या केबलमधून फिरणाऱ्या अर्थची असते. त्यावर ऑप्टिकल केबल किंवा ऑडिओ आयसोलेटर लावा. तिसरी पिन कापून गुणगुण घालवायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

आणि मिरगाच्या आधीचा वळीव किंवा परतीचा पाऊस गडगडायला लागला की ॲम्प्लिफायरचा प्लग नुसता बंद न करता भिंतीतून काढा, सोबत डिशची केबल टीव्हीतून ओढून बाजूला ठेवा. सर्ज प्रोटेक्टरचा बोर्ड लांबच्या झटक्याला पुरतो, जवळ पडलेल्या विजेला नाही.